आईच्या नावे टाकलेला दोष

मुलाचे काही बिनसले की आधी आईकडे बोट दाखवायचे, ही चाल केवळ आपल्याकडचीच आहे असे नाही. गरोदरपणी तिने ग्रहण पाळले नाही, ती नोकरीला जाते, तिने मुलाला पाळणाघरात ठेवले, तिने फाजील लाड केले किंवा उलट मायाच लावली नाही. कारणे बदलतात, आरोपी तोच राहतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेसारख्या पुढारलेल्या देशात, तेही मनाचे शास्त्र शिकलेल्या विद्वानांनी, हाच आरोप शास्त्राच्या भाषेत मांडला आणि असंख्य आयांनी तो वीस-पंचवीस वर्षे खाली मान घालून सोसला. ज्या अवस्थेच्या संदर्भात हे घडले तिला आपण आज ऑटिझम किंवा मराठीत स्वमग्नता म्हणतो.

या अवस्थेची वैद्यकाला नीट ओळख करून देणारे डॉक्टर लिओ कॅनर यांचे आयुष्य या आरोपाशी विलक्षण रीतीने गुंतलेले आहे. त्यांनी आयांची बाजू घेणारे पुस्तक लिहिले. पुढे त्यांच्याच शब्दांमुळे आया आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. आणि उतारवयात त्यांनीच भर सभेत त्या आयांना निर्दोष ठरवले. त्यांच्या मृत्यूनंतर या खटल्यात एक वेगळीच साक्ष पुढे आली. ती दिली प्रयोगशाळेतल्या काळ्या इवल्याशा उंदरांनी.

कॅनर यांच्याशी माझी ओळख झाली ती एका कादंबरीच्या निमित्ताने. लहान मुलांच्या मनोविकारांवर वाचन करीत असताना त्यांचा १९४३ सालचा निबंध हाती आला. शास्त्रीय निबंध म्हणून जरा धास्तीनेच वाचायला घेतला आणि एखाद्या कथासंग्रहासारखा एका बैठकीत संपवला. अकरा मुले आणि अकरा घरे. कोणते मूल कशाने हसते, कशाने किंचाळते, दारातून आत आल्यावर आधी माणसांकडे पाहते की दिव्याच्या बटणाकडे, हे सारे त्यात टिपलेले आहे. असे लिहिणारा माणूस नुसता डॉक्टर नसावा असे वाटले, म्हणून त्यांच्या आयुष्याचा माग काढत गेलो.

माझा तर्क खोटा नव्हता. कॅनर यांना व्हायचे होते कवी. त्यांचा जन्म १३ जून १८९४ रोजी क्लेकोतुव या खेड्यातल्या एका ज्यू कुटुंबात झाला. ते खेडे तेव्हा ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, आज तो मुलूख युक्रेनमध्ये आहे. १९०६ साली हा मुलगा बर्लिनला आला. तरुणपणी त्याने पुष्कळ कविता लिहिल्या, पण त्या छापायला कोणी तयार होईना. अखेर पोटापाण्याचा विचार करून त्याने वैद्यकाची वाट धरली. कवी म्हणून नाव झाले असते तर ते बहुधा जर्मनीतच राहिले असते आणि मग पुढे काय झाले असते, हे सांगायची गरज नाही.

पहिल्या महायुद्धात शिक्षणात खंड पडला. ऑस्ट्रियाच्या सैन्यात वैद्यकीय सेवा करून ते परतले आणि १९२१ साली पदवी घेऊन बर्लिनच्या प्रख्यात शारिते रुग्णालयात हृदयरोगाचे काम करू लागले. पण तो काळ जर्मनीतल्या भयंकर चलनवाढीचा होता. सकाळी हाती आलेल्या पगाराची संध्याकाळी रद्दी होत असे. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याच्या अंगावर आजही त्या आकड्यांनी काटा येतो. १९२४ साली पत्नी आणि लहान मुलीला घेऊन कॅनर अमेरिकेला निघाले. नोकरी मिळाली ती साउथ डकोटातील यँक्टन या आडगावी, मनोरुग्णांच्या सरकारी इस्पितळात. मनोविकारांचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते. जे शिकले ते रुग्णांच्या खाटेशेजारी बसून शिकले. त्याच दिवसांत त्यांनी दातांविषयीच्या लोकसमजुतींवर एक पुस्तकही लिहून काढले, ते १९२८ साली प्रसिद्ध झाले. माणसे काय मानतात आणि का मानतात, याचे कुतूहल या गृहस्थाला पहिल्यापासून होते.

त्याच वर्षी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील अडॉल्फ मायर या मोठ्या मनोविकारतज्ज्ञांनी त्यांना आपल्याकडे घेतले. १९३० साली तिथल्या बालरुग्णालयात मुलांच्या मनोविकारांसाठी खास विभाग सुरू झाला आणि तो कॅनर यांच्या हाती आला. १९३५ साली त्यांनी लिहिलेले बालमनोविकारांवरचे पुस्तक हे इंग्रजीतले या विषयाचे पहिले पाठ्यपुस्तक मानले जाते.

खुर्चीत बसून पुस्तके लिहिणाऱ्यांपैकी मात्र ते नव्हते. मेरीलँड राज्यात रोजवुड नावाची मतिमंद मुलांची सरकारी संस्था होती. एका वकिलाने न्यायालयाचे आदेश मिळवून तिथल्या दीडशेहून अधिक रुग्णांना, बहुतेक मुलींना, बाहेर काढले होते. कशासाठी? तर श्रीमंतांच्या घरी स्वस्तातल्या मोलकरणी म्हणून देण्यासाठी. कॅनर यांनी एका समाजसेविकेच्या मदतीने या मुलींचा शोध घेतला. कित्येकींची पुरती वाताहत झालेली होती. १९३७ साली त्यांनी हे सारे परिषदेत जाहीर केले आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. त्याच सुमारास हिटलरच्या तावडीतून निसटू पाहणाऱ्या अनेक ज्यू डॉक्टरांना अमेरिकेत येण्यासाठी हमीपत्रे, नोकऱ्या, राहायला जागा मिळवून देण्याची खटपट कॅनर पतिपत्नी करीत होते. १९४२ साली न्यूयॉर्कच्या फॉस्टर केनेडी या नामांकित डॉक्टरांनी मनोविकारशास्त्राच्या नियतकालिकात असे सुचवले, की सुधारण्याची आशा नसलेल्या मतिमंद मुलांना पाच वर्षांचे झाल्यावर दयेपोटी मृत्यू द्यावा. त्याच अंकात कॅनर यांनी त्याला ठाम विरोध केला. संपादकांचा कल तेव्हा केनेडींकडे होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या विरोधाचे मोल कळते.

आणि याच दिवसांत, १९४१ साली, त्यांनी आयांसाठी एक छोटेसे, खेळकर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच आयांचा कैवार होता. मानसशास्त्रज्ञांच्या अतिउत्साही सल्ल्यांनी घाबरून जाऊ नका, आपल्या मुलावर आणि आपल्या शहाणपणावर विश्वास ठेवा, असा त्याचा एकूण सूर. हे पुस्तक ध्यानात ठेवावे. पुढच्या कथेत त्याची आठवण होणार आहे.

मिसिसिपी राज्यात फॉरेस्ट नावाचे लहानसे गाव आहे. तिथल्या बीमन ट्रिपलेट या वकिलांनी कॅनर यांना एक पत्र पाठवले होते. टंकलिखित पत्र, पाने ३३. विषय होता त्यांचा मुलगा डोनाल्ड. दोन वर्षांचा असताना या मुलाला धर्मशिक्षणाची पंचवीस प्रश्नोत्तरे तोंडपाठ होती, पण वडील घरी आले तरी तो मान वर करून पाहत नसे. लाल डगला घालून सांताक्लॉज समोर उभा राहिला तरी त्याला त्याचे काही नव्हते. भांडी, ठोकळे, जे गोल फिरेल ते फिरवत तो तासन्तास बसे आणि कोणी मध्ये आले की थयथयाट करी. तो स्वतःला तू म्हणे आणि समोरच्याला मी. त्याने हो म्हणायला शिकावे म्हणून वडिलांनी एकदा सांगितले, हो म्हणालास तर खांद्यावर घेईन. तेव्हापासून हो या शब्दाचा त्याच्या लेखी एकच अर्थ उरला, मला खांद्यावर घ्या. तीन वर्षांचा असताना डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याला घरापासून दूर एका संस्थेत ठेवले होते. तिथे तो आणखीनच मिटत गेला, तेव्हा आईवडिलांनी त्याला घरी परत आणले.

ऑक्टोबर १९३८ मध्ये, पाच वर्षांचा डोनाल्ड कॅनर यांच्यासमोर आला. असे मूल त्यांनी पूर्वी पाहिले नव्हते. त्याला मतिमंद म्हणावे तर स्मरणशक्ती थक्क करणारी. बहिरा म्हणावे तर सूर पक्के. पुढच्या चार-पाच वर्षांत अशी आणखी दहा मुले त्यांना भेटली. व्हिएन्नाहून त्यांच्याच मदतीने अमेरिकेत आलेले गेओर्ग फ्रँकल हे डॉक्टर या तपासणीत त्यांच्या जोडीला होते. ज्या शोधाला पुढे कॅनर यांचे नाव लागले, त्यात या पाहुण्या डॉक्टरांचाही वाटा होता, असे आता अभ्यासक मानतात. १९४३ साली आठ मुलगे आणि तीन मुली, अशा अकरा जणांवरचा तो निबंध प्रसिद्ध झाला. ऑटिझम हा शब्द जुनाच होता, स्वित्झर्लंडच्या ब्लॉइलर यांनी तो १९११ मध्ये स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी वापरला होता. कॅनर यांनी त्याला नवा अर्थ दिला.

निबंधाच्या शेवटी प्रश्न येतो तो कारणाचा. इथे कॅनर यांनी दोन गोष्टी लिहिल्या. एक अशी की या मुलांचे आईवडील हुशार आहेत, शिकलेले आहेत, पण त्यांच्यात खरी ऊबदार माणसे थोडी. दुसरी अशी की ही मुले अगदी जन्मापासूनच एकटी आहेत, त्यामुळे सगळा दोष आईबापांच्या वागण्याला देता येणार नाही. माणसांशी भावनेने जोडले जाण्याची जी जन्मजात शक्ती असते तीच या मुलांत उणी असावी. निष्कर्ष दुसरा होता. लोकांनी उचलली ती पहिली गोष्ट.

आईवडील शिकलेलेच का होते, याचे उत्तर तसे सोपे आहे. बाल्टिमोरच्या नामवंत डॉक्टरापर्यंत पोचायला पैसा लागे, ओळख लागे आणि ३३ पानी पत्र लिहिण्याचा वकूब लागे. शेतमजुराच्या घरचा डोनाल्ड तिथवर पोचलाच नसता. आमच्या शाखेच्या लॉकरच्या खोलीत येणाऱ्या माणसांवरून कोणी गावाची सुबत्ता मोजली असती तर आम्ही हसलो असतो. इथे मात्र कोणी हसले नाही.

कारण वारे दुसरीकडे वाहू लागले होते. फ्रॉइडच्या विचारांचा अमेरिकेत जोर होता आणि प्रत्येक मनोविकाराचे मूळ बालपणात, म्हणजे पर्यायाने आईत, शोधण्याची चढाओढ लागली होती. कॅनरही त्या वाऱ्याबरोबर वाकले. १९४९ सालच्या लेखात त्यांनी या आईबापांना शीतकपाटाची उपमा दिली. मुले जणू अशा फ्रीजमध्ये जपून ठेवली होती, ज्यातला बर्फ कधी वितळू दिला गेला नाही, असा त्याचा आशय. त्याच्या आदल्याच वर्षी टाइम साप्ताहिकाने या मुलांवर लेख छापून ही गारठ्याची प्रतिमा घराघरांत नेली होती. कवी व्हायचे राहून गेलेल्या माणसाला सुचलेली ती प्रतिमा होती आणि चांगल्या प्रतिमेप्रमाणे ती विसरता येत नव्हती. हेच दुर्दैव झाले. निबंधातला सावध निष्कर्ष कपाटात राहिला आणि फ्रीजसारखी आई हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडी झाला.

पुढे शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ सालच्या आपल्या गाजलेल्या पुस्तकात कळस केला. नाझी छळछावणीत ते स्वतः राहिलेले होते. तिथल्या कैद्यांची दशा आणि या मुलांची दशा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. मग छावणीचा पहारेकरी कोण, हे वाचकाने समजायचे. उपाय म्हणून मुलांना आईवडिलांपासून तोडून संस्थेत ठेवले जाई आणि आईवर मनोविश्लेषणाचे उपचार होत. ज्या बाईच्या मुलाने तिच्याकडे कधी डोळा भिडवून पाहिले नव्हते, तिलाच विचारले जाई की तू याचा तिरस्कार का करतेस.

हे सारे दूर देशी घडले असे म्हणून सुटता येत नाही. मी शाखाधिकारी असताना एक बाई आपल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाचे खाते चालवण्यासाठी पालकत्वाचा दाखला घेऊन आल्या होत्या. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांचा अंतर्भाव असलेली समिती असा दाखला देते आणि त्या कायद्यात स्वमग्नतेचा स्पष्ट उल्लेख आहे. कागद तपासून होईपर्यंत मुलगा पंख्याकडे पाहत उभा होता. बोलता बोलता बाई म्हणाल्या की तो लहान असताना एका डॉक्टरांनी त्यांना नोकरी सोडायला सांगितले होते; आई घरी राहिली की मूल बोलू लागेल, असे. त्यांनी नोकरी सोडली. मुलगा बोलला नाही. सासरच्यांनी त्याचाही अर्थ असा लावला, की हिने नोकरी उशिरा सोडली. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रारही नव्हती. इतक्या वर्षांत ती झिजून गेली असावी.

अमेरिकेत या आरोपाला पहिला मोठा धक्का दिला तो एका बापाने. बर्नार्ड रिमलंड हे नौदलात काम करणारे मानसशास्त्रज्ञ, त्यांचा मुलगा स्वमग्न होता. १९६४ साली त्यांनी पुस्तक लिहून ही अवस्था मेंदूची आहे, आईच्या मायेची नव्हे, असे साधार मांडले. त्याला प्रस्तावना कोणाची? लिओ कॅनर यांची. पुढे १९६९ साली स्वमग्न मुलांच्या पालकांच्या राष्ट्रीय सभेत पंचाहत्तरीतले कॅनर उभे राहिले. आपण पहिल्या निबंधापासून ही अवस्था जन्मजात असल्याचे म्हणत आलो, आपल्या म्हणण्याचा विपर्यास झाला, असे त्यांनी सांगितले आणि जमलेल्या आईबापांना दोषमुक्त जाहीर केले. सभागृह उठून उभे राहिले. आपल्या १९४१ सालच्या पुस्तकाचीही त्यांनी त्या वेळी आठवण करून दिली.

त्यांचे म्हणणे अर्धे खरे होते. जन्मजात हा शब्द १९४३ सालीच लिहिलेला होता. पण फ्रीजची उपमा दुसऱ्या कोणी त्यांच्या तोंडी घातली नव्हती, ती त्यांचीच होती. तिने ज्यांचे आयुष्य पोळले त्यांच्याकडे त्या दिवशी क्षमा मागितली गेली असती तर अधिक शोभले असते, असे मला वाटते. तरी एवढे म्हटले पाहिजे, की आपल्या नावाची अमाप प्रतिष्ठा त्यांनी अखेर आयांच्या पारड्यात टाकली. बेटलहाइम यांनी तेवढेही केले नाही.

१९७१ साली कॅनर यांनी त्या अकरा मुलांचे पुढे काय झाले, याचा शोध घेऊन लेख लिहिला. सरकारी संस्थांत टाकलेली मुले तिथेच विझून गेली होती. डोनाल्डचे मात्र भले झाले होते. मधली काही वर्षे तो गावाजवळच्या एका शेतकरी जोडप्याकडे राहिला होता. त्याला मोजण्याचे वेड होते, म्हणून त्या साध्या माणसांनी त्याला मक्याच्या ओळी मोजत नांगर धरायला शिकवले. पुढे तो पदवीधर झाला आणि गावच्या बँकेत लागला. ही बँक त्याच्या आजोळची. तिथे त्याने ६५ वर्षे नोकरी केली. गोल्फ खेळला, मोटार चालवली, जगभर एकटा हिंडला आणि २०२३ साली ८९ व्या वर्षी वारला. आकड्यांवर प्रेम करणारा आणि काउंटरवर गप्पा न मारणारा सहकारी मिळाला तर कोणतीही बँक खूष होईल, हे मी अनुभवाने सांगतो.

कॅनर एप्रिल १९८१ मध्ये वारले. तोवर आरोप बराच लुळा पडला होता. १९७७ साली सुझन फोलस्टीन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांच्या २१ जोड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. एकाच बीजापासून झालेल्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोघेही स्वमग्न होते, वेगवेगळ्या बीजांच्या १० जोड्यांत एकही नव्हती. म्हणजे आनुवंशिकतेचा हात उघड होता. पण मेंदूत नेमके काय घडते? जिवंत मुलाचा मेंदू उघडून पाहता येत नाही. इथे उंदीर आले.

योगायोग असा की कॅनर गेले त्याच १९८१ साली इंग्लंडमध्ये मार्टिन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्याने उंदराच्या अगदी कोवळ्या भ्रूणातून मूळ पेशी वेगळ्या करून वाढवल्या. अमेरिकेत मारिओ कापेकी आणि ऑलिव्हर स्मिथीज यांनी पेशीतले नेमके एखादेच जनुक बदलण्याची युक्ती शोधली. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि १९८९ पासून हवे ते जनुक बंद केलेले उंदीर जन्माला येऊ लागले. बदललेल्या पेशी दुसऱ्या भ्रूणात सोडायच्या, तो भ्रूण मादीच्या गर्भाशयात ठेवायचा आणि होणाऱ्या पिल्लांपासून पुढची वीण घ्यायची, अशी ही रीत. तिघांनाही २००७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. या कामात सर्वाधिक वापरली जाते ती काळ्या उंदरांची एक जात. क्लेरन्स कुक लिटल या शास्त्रज्ञांनी ती १९२१ साली सुरू केली. पिढ्यान् पिढ्या भावाबहिणींचीच जोडी लावल्यामुळे त्या जातीचे सारे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकाच साच्यातले असतात.

आता बदलायचे जनुक कोणते? २००३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील तोमा बूर्झराँ आणि सहकाऱ्यांनी स्वीडनमधली दोन कुटुंबे अभ्यासली, प्रत्येक कुटुंबात दोन भाऊ या अवस्थेतले. त्यांच्यात न्यूरोलिजिन नावाच्या प्रथिनांच्या जनुकांत बिघाड सापडला. मेंदूतली एक पेशी दुसरीला निरोप देते तो एका अतिसूक्ष्म फटीतून. फटीच्या दोन काठांची सांगड घालणारे हे प्रथिन. २००७ साली टोमास झ्यूडहोफ यांच्या गटाने एका कुटुंबातला तोच बदल, प्रथिनाच्या साखळीतला अवघा एक मणी, उंदरात केला. ते उंदीर इतर उंदरांत कमी मिसळू लागले. आणि गंमत म्हणजे पाण्यातली लपलेली जागा शोधून लक्षात ठेवण्यात ते सामान्य उंदरांपेक्षा सरस ठरले. इतर प्रयोगशाळांना हे फरक नेहमी तेवढे ठळक दिसले नाहीत, हेही नमूद केले पाहिजे.

उंदीर मिसळतो की नाही हे ठरवायचे कसे? अमेरिकेच्या जॅकलिन क्रॉली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी एक साधी परीक्षा रूढ केली. तीन खोल्यांची पेटी. मधली रिकामी. एका बाजूच्या खोलीत जाळीखाली अनोळखी उंदीर, दुसऱ्या बाजूला नुसतीच जाळी. परीक्षेचा उंदीर मध्ये सोडायचा आणि तो कुठे किती वेळ घालवतो ते मोजायचे. सामान्य उंदीर पाहुण्याला हुंगायला धावतो. २०११ साली ग्वोपिंग फेंग यांच्या गटाने शँक-३ हे जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. त्यांना पाहुण्याचे विशेष अप्रूप नव्हते आणि ते पंजांनी आपले तोंड इतके सारखे पुसत राहत की कातडी सोलून निघे. डोनाल्डच्या फिरत्या ठोकळ्यांची आठवण व्हावी असेच ते दृश्य.

या प्रयोगांतली मला सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी शिस्त. तुलना करायची ती एकाच वेतातल्या पिल्लांची. बदललेल्या जनुकाची एक-एक प्रत असलेल्या नर-मादीची जोडी लावली, तर सरासरी चार पिल्लांत एकाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळतात, दोघांना एक-एक, आणि एक पूर्ण निर्दोष निघते. ही पिल्ले एकाच पोटात वाढतात, एकाच आईचे दूध पितात, एकाच पिंजऱ्यात एकमेकांना बिलगून झोपतात. आई सर्वांना सारखेच चाटते. कोणाच्या अंगात काय आहे हे ती जाणत नाही आणि पुष्कळदा परीक्षा घेणाऱ्यालाही ते सांगितलेले नसते. तरीही एक पिल्लू पाहुण्याकडे धावते आणि दुसरे कोपऱ्यात तोंड पुसत बसते. घर तेच, आई तीच, माया तीच. फरक एका जनुकाचा.

फ्रीजसारख्या आईच्या सिद्धांताला याहून स्वच्छ उत्तर मला तरी ठाऊक नाही.

उंदरांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मुलींमध्ये दिसणारा रेट सिंड्रोम हा स्वमग्नतेच्या नात्यातला विकार. त्याचे जनुक बंद ठेवून वाढवलेल्या उंदरांत २००७ साली एडिंबराच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने ते मोठेपणी पुन्हा चालू केले, तर मरणाच्या दारातले उंदीर सावरले. २०१६ साली फेंग यांनी शँक-३ बाबत तसेच केले. वयात आलेल्या उंदरांचे मिसळणे सुधारले, अंग पुसणे कमी झाले, मात्र भित्रेपणा आणि हालचालींतला अवघडलेपणा गेला नाही. त्यासाठी जनुक आधीच चालू व्हावे लागते. म्हणजे मेंदूची ही घडण सर्वस्वी दगडावर कोरलेली नाही.

पण यावरून उद्या औषध येईल असे कोणी समजू नये. नाजूक एक्स नावाच्या विकारात उंदरांना गुण देणारे एक औषध माणसांवरच्या चाचण्यांत फोल ठरले आणि २०१४ साली ते काम थांबवावे लागले. उंदीर बोलत नाही, त्यामुळे मी आणि तू यांची अदलाबदल त्याच्यात दिसणार नाही. उंदराला स्वमग्न म्हणणेही खरे तर चूक. त्याच्यात एका जनुकाचा परिणाम तेवढा पाहता येतो. माणसांत असे एकच जनुक नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत १०२ जनुकांची नावे होती आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत कारण एखाद्याच जनुकावर बोट ठेवून सांगता येत नाही. शिवाय डोनाल्डसारख्या माणसाला दुरुस्त करायचे, की त्याच्यासाठी मक्याच्या ओळी शोधायच्या, हा प्रश्न उंदीर सोडवणार नाही. तो आपल्यालाच सोडवावा लागेल.

जनुकांची गोष्ट सांगताना एक भीती मनात येते. आईच्या वागण्यावरचा आरोप उठला, तो आता तिच्या रक्तावर जाऊन बसायचा. हिच्या माहेरचे काही असेल, असे म्हणायला आपल्याकडे वेळ लागत नाही. म्हणून हेही सांगितले पाहिजे, की जनुके आईकडून येतात तशीच बापाकडूनही येतात आणि यातले पुष्कळसे बदल तर दोघांपैकी कोणातच नसतात, ते मुलाच्या वेळी नव्यानेच घडतात. त्यात कोणाचा गुन्हा नसतो.

एखाद्या लग्नघरात, हळदीच्या गडबडीत, स्वतःभोवती गोल फिरणारे किंवा कान झाकून बसलेले मूल दिसले, तर त्याच्या आईला हे कशाने झाले म्हणून विचारू नये. ते तिने स्वतःला हजार वेळा विचारलेले असते. त्यापेक्षा त्याला काय आवडते ते विचारावे आणि मुलाजवळ घटकाभर आपण बसून तिला शांतपणे दोन घास खाऊ द्यावेत.